हिरव्या ठिपक्याशेजारी जागा आहे: अन्न सुरक्षा प्राधिकरणाला किराणा दुकानातून खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण,
नवी दिल्ली.

स.न.वि.वि.

सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या एका गावात माझं किराणा दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मी चालवते. गल्ल्याच्या वर गणपतीच्या तसबिरीशेजारी तुमच्या प्राधिकरणाचं नोंदणी प्रमाणपत्र फ्रेम करून लावलं आहे. त्यावरचा १४ आकडी क्रमांक मला पाठ आहे. तुमच्या नावाखाली मी रोज माल विकते, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे. आणि तो माल माझ्यासारख्या हजारो दुकानांतून घराघरांत जातो, म्हणून ते सगळ्यांसमोर लिहिते आहे.

सासऱ्यांच्या काळात माल सुटा यायचा. बायका गहू मुठीत घेऊन बघायच्या, डाळ दाताखाली धरायच्या, गुळाच्या ढेपेचा खडा तोंडात टाकूनच भाव विचारायच्या. खराब माल लपवायला जागाच नव्हती. आता माझ्या निम्म्याहून जास्त फळ्या बंद पुड्यांच्या आहेत. पुडा हाताळता येतो, आतलं काही हाताला लागत नाही. पूर्वी चिमटीत धरून जे कळायचं, ते आता फक्त छापील मजकुरातून कळू शकतं. तो मजकूर सरळ असावा हे बघण्याचं काम कायद्यानं तुमच्याकडे दिलेलं आहे.

मला हे सगळं घरातच कळलं. सासूबाईंना अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. चहाबरोबर काहीतरी लागतं म्हणून मी दुकानातलाच एक बिस्किटांचा पुडा त्यांना देत होते. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘साखर नाही’, खाली गव्हाची ओंबी, पुडा हिरवा. सात-आठ महिने रोज सकाळ-संध्याकाळ चार-चार बिस्किटं. गोळ्या वेळेवर, भात बंद, तरी तीन महिन्यांची साखर चढतच गेली. सांगलीच्या डॉक्टरांनी घरातलं सगळं खाणं विचारलं आणि म्हणाले, पुढच्या वेळी तो पुडा घेऊन या. त्यांनी तो उलटा केला. घटकांच्या यादीत पहिला मैदा, दुसरं पाम तेल, तिसरं माल्टोडेक्स्ट्रिन. शंभर ग्रॅममागे सत्तरच्या आसपास कर्बोदकं. डॉक्टरांनी समजावलं की माल्टोडेक्स्ट्रिन तक्त्यात साखर म्हणून मोजलं जात नाही, पण पोटात गेलं की रक्तातली साखर झपाट्यानं वाढवतं. मैद्याचंही तसंच.

सासूबाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. “तू काय मुद्दाम दिलंस व्हय?” एवढंच म्हणाल्या. पण तो पुडा मी माझ्या हातानं दिला होता, आणि त्याच आठ महिन्यांत गावातल्या किती मधुमेह्यांना “हे घ्या, हे चालतं” म्हणून विकला असेल, ते आठवून मला आजही झोप लागत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटी १० लाख मधुमेही आहेत असं म्हटलं आहे. त्यातले बरेचसे माझ्यासारख्याच कुठल्यातरी काउंटरवरून बिस्किटं घेतात.

त्या पुड्यावर एकही शब्द खोटा नव्हता. शंभर ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसेल तर ‘शुगर फ्री’ म्हणायला तुमचे २०१८ चे नियम परवानगी देतात. कंपनीनं नियम पाळला, आणि तरी एक आजारी बाई फसली. माझी तक्रार भेसळ करणाऱ्यांबद्दल नाही, त्यांना पकडायला अधिकारी आहेत. नियम पाळूनसुद्धा माणसाला फसवता येतं, अशी जागा तुम्ही मोकळी ठेवलेली आहे, तिच्याबद्दल आहे.

त्या दिवसापासून रोज दुपारी गिऱ्हाईक कमी असताना मी एक-एक पुडा उलटून वाचते. त्यातून जे दिसलं ते आता सांगते.

पहिली गोष्ट नावाची. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं. त्यानंतर माझ्या फळीवर नाचणी, ज्वारी, बाजरीचं नाव लावलेल्या मालाची रांगच लागली. आमच्या भागात ज्वारी रोजच्या ताटातली. लोकांना वाटलं, पोरं निदान नाचणी तरी खातील. एका पुड्यावर पुढं भलंमोठं ‘नाचणी’ आणि कणसाचं चित्र, मागं घटकांत आधी मैदा, मग साखर, मग तेल, मग नाचणीचं पीठ, ८ टक्के. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे हा तुमचाच नियम. ज्या घटकावर नावात किंवा चित्रात भर दिला आहे त्याचं प्रमाण सांगायचं हाही तुमचाच नियम. दोन्ही चांगले आहेत. पण नाव पुढं आणि टक्का मागं, नाव बोटभर उंच आणि टक्का मुंगीएवढा. सेल्समन येतो तेव्हा फळी स्वतः लावून देतो आणि बजावून जातो, “वहिनी, तोंड पुढं पाहिजे.” पुड्याचं तोंड म्हणजे ‘नाचणी’ लिहिलेली बाजू. मागची बाजू भिंतीकडे. गिऱ्हाईक पुडा मागतं, मी काढून पिशवीत टाकते, आणि मागची बाजू कोणाच्याच नजरेस न पडता घरी जाते. गुळाच्या बिस्किटांचं तेच, ‘मल्टिग्रेन’चं तेच. तपकिरी रंगाच्या पावाच्या यादीत १५० हा आकडा दिसला तर तो रंग कोंड्याचा असेलच असं नाही, तो कॅरमलचा असू शकतो. हे मला या वयात कळलं. आकडा म्हणजे रंग, हे माझ्या गिऱ्हाइकाला कुठून कळणार?

दुसरी गोष्ट फळांच्या पेयांची. आमचं गाव द्राक्षाचं. इथल्या बागांतून द्राक्षं परदेशात जातात, उरलेल्याचा बेदाणा होतो. आणि उन्हाळ्यात त्याच बागांत काम करणाऱ्या बायकांची पोरं माझ्याकडून द्राक्षाचं, आंब्याचं चित्र असलेल्या बाटल्या नेतात. फळाच्या पेयात १० टक्के रस असला तरी चालतो, लिंबाला ५ टक्केही. बाकी पाणी आणि साखर. त्या बाटलीवर मात्र पिकलेलं, दव पडलेलं फळ छापलेलं असतं. जून २०२४ मध्ये तुम्ही आदेश काढलात की घट्ट रसात पाणी मिसळून केलेल्या पेयावर ‘१०० टक्के फळांचा रस’ लिहू नका. योग्य आदेश होता, मी मनापासून आभार मानते. पण तो एका वाक्यापुरता झाला. चित्र तसंच राहिलं.

तिसरी गोष्ट वाट्याची, म्हणजे एका वेळी खायच्या प्रमाणाची. मागच्या तक्त्यात शंभर ग्रॅमचा आकडा असतो, आणि बाजूला ‘एका वाट्यात’ दिवसाच्या गरजेच्या किती टक्के तेही असतं. हा वाटा ठरवतं कोण? मी पाहिलेल्या फरसाणाच्या एका पुड्यावर वाटा २० ग्रॅमचा होता, आणि पुडा आठ वाट्यांचा. आमच्याकडे तो पुडा संध्याकाळी फुटला की तिघांत संपतो. टक्के वाचणाऱ्याला वाटतं, सहाच टक्के मीठ आहे. शिवाय तिथं मीठ असं लिहिलेलंच नसतं, सोडियम असतं. सोडियमच्या आकड्याला अडीचनं गुणलं की मीठ कळतं. रक्तदाबाच्या माणसानं दुकानात उभं राहून गुणाकार करायचा का?

चौथी गोष्ट ‘ताकदी’ची. “वैनी, पोराला ताकद येईल असलं काय हाय का?” हा प्रश्न मला आठवड्यातून दहादा ऐकू येतो. विचारणारी बाई बहुतेक वेळा दिवसाच्या रोजगारावरची असते, आणि ती दुधात घालायच्या पावडरीच्या डब्यासाठी एका दिवसाची अर्धी मजुरी मोजते. मी उलटून पाहिलेल्या एका डब्यात शंभर ग्रॅमला तीस ग्रॅमच्या वर साखर निघाली, म्हणजे सातेक चमचे. एप्रिल २०२४ मध्ये तुम्ही ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना कळवलंत की असली पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरात ठेवू नका, कारण ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच कायद्यात नाही. वाणिज्य मंत्रालयानंही तेच कळवलं. मग तेच वाक्य माझ्या दुकानापर्यंत का आलं नाही? मोबाइलवर खरेदी करणाऱ्याला एक नियम आणि रोजगारावरून येताना गल्ल्यावर सुट्टे मोजणाऱ्या बाईला दुसरा, असं तुमच्या मनात नसेल. पण झालं तसंच आहे.

पाचवी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. ज्या वेष्टनाचं पृष्ठफळ १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही, त्याला घटकांची यादी आणि पोषणाचा तक्ता छापण्यातून सूट आहे. ती माहिती मोठ्या खोक्यावर किंवा बरणीवर असली म्हणजे झालं. कागदावर हे ठीक दिसतं. माझ्या दुकानात ती बरणी काउंटरच्या आत असते आणि तिच्यावरची यादी माझ्याकडे तोंड करून असते. खोकं तर माल लावला की त्याच दिवशी रद्दीत जातं. एक-दोन रुपयांच्या गोळ्या, जेली, चॉकलेटं घेणारी पोरं सात-आठ वर्षांची. शाळा सुटली की मूठ पुढं करतात. त्यांच्या हातात जे जातं त्यावर काहीच लिहिलेलं नसतं. महागड्या पुड्याला यादी आणि गरीब पोराच्या पुडीला सूट. माझ्या मनाला हे पटत नाही.

आणि भाषा. लेबलवरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावी, इतर भाषा हवी तर जादा द्यावी, असा नियम आहे. ‘हवी तर’ म्हटल्यावर काय होतं ते माझ्या फळीवर येऊन बघा. जाहिरात मराठीत असते, टीव्हीवर मराठीत, एसटी स्टँडवरच्या फलकावर मराठीत, दुकानाच्या पाटीवर कंपनीनं रंगवून दिलेलं मराठीत. फक्त घटक इंग्रजीत. विकताना आमची भाषा येते, मग सांगताना का येत नाही?

आता तुमच्या कारभाराबद्दल, आदर ठेवून.

पुड्याच्या दर्शनी बाजूला साखर, मीठ, चरबीची सूचना असावी ही चर्चा देशात कैक वर्षं चालू आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये तुम्ही पुड्याला पौष्टिकतेनुसार तारे देण्याचा मसुदा आणलात. जुलै २०२४ मध्ये तुमच्या बैठकीत एकूण साखर, मीठ आणि संपृक्त चरबी ठळक आणि मोठ्या अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावाला मंजुरी मिळाल्याचं जाहीर झालं. मी त्या दिवशी सासूबाईंना वाचून दाखवलं होतं. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीन महिन्यांत शिफारशी पूर्ण करा असं सांगितलं. जुलैमध्ये आणखी तीन महिने वाढवून घेतले गेले. हे लिहिताना मी उठून फळीवरचे पुडे पुन्हा पाहिले. दर्शनी बाजूला तसलं काहीही नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये तुम्ही म्हणालात, दुधावर ‘ए१’, ‘ए२’ (दुधातल्या प्रथिनाचे दोन प्रकार) असे दावे काढून टाका, ते दिशाभूल करणारे आहेत. आठवडाही झाला नाही तोच सूचना मागे घेतलीत. आधीचं चुकीचं होतं की नंतरचं? ‘ए२’ लिहिलेल्या तुपाला दुप्पट पैसे मोजणाऱ्या माणसाला मी काय सांगायचं?

आणि जलसंजीवनीचं प्रकरण. ‘ओआरएस’ ही तीन अक्षरं म्हणजे आमच्या गावात अंगणवाडीताईंनी, आशाताईंनी घरोघरी जाऊन शिकवलेलं औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एक लिटर पाण्याला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. त्याच्या कितीतरी पट साखर असलेली, फळांच्या चवीची पेयं नावात तीच तीन अक्षरं लावून विकली जात होती. जुलाबात जास्त साखर गेली तर आतड्यात पाणी आणखी ओढलं जातं आणि मूल आणखी सुकतं. एप्रिल २०२२ मध्ये तुम्ही बंदी घातलीत, त्याच जुलैमध्ये ‘हे ओआरएस नाही’ अशी तळटीप छापण्याच्या अटीवर पुन्हा परवानगी दिलीत. ती मागे घ्यायला १४ ऑक्टोबर २०२५ उजाडला. तोही हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी आठ वर्षं पाठपुरावा केला म्हणून. त्या मधल्या उन्हाळ्यांत माझ्या दुकानातही अशा खोक्यांचा एक ट्रे असायचा. कोणाच्या मुलासाठी कोण घेऊन गेलं, याची नोंद माझ्याकडे नाही. उधारीच्या वहीत फक्त रक्कम आहे.

त्या प्रकरणानं एक गोष्ट सिद्ध केली. तळटीप कोणी वाचत नाही. नाव वाचतात, चित्र बघतात, रंग बघतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ च्या आहार मार्गदर्शनात लोकांना लेबल नीट वाचायला सांगितलं, दावे फसवे असू शकतात असंही सांगितलं. ते खरंच आहे. पण लोकांनी वाचावं असं वाटत असेल, तर वाचता येईल असं छापून घ्यायला हवं.

आणि हे जमणारं आहे, कारण आपल्या देशात ते एकदा झालेलं आहे. माझ्याकडे येणाऱ्या एका आजींना अक्षरओळख नाही. माळकरी आहेत. कुठलाही पुडा हातात घेतला की आधी त्या चौकोनातला हिरवा ठिपका शोधतात. दिसला तरच पिशवीत. त्यांना कोणी शिबिर घेऊन शिकवलं नाही. ठिपका पुढच्या बाजूला होता, नावाजवळ होता, प्रत्येक पुड्यावर सारखा होता, एवढंच पुरलं. वीस-बावीस वर्षांत आख्ख्या देशाला ते चिन्ह वाचता यायला लागलं. त्या ठिपक्याशेजारी जागा आहे. चिली देशानं २०१६ पासून काळे अष्टकोन छापायला लावले, ज्यात साखर जास्त त्यावर ‘साखर जास्त’, ज्यात मीठ जास्त त्यावर ‘मीठ जास्त’. मेक्सिकोनं २०२० मध्ये तेच केलं. आम्हाला तेवढंच साधं काहीतरी हवं आहे.

तारे मात्र नकोत. आमच्याकडे तारा म्हणजे शाबासकी. शाळेत वहीवर तारा मिळतो. तुमच्या मसुद्यात प्रथिनं, तंतू, दाणे असले की साखरेमुळे लागलेले उणे गुण भरून निघत होते. दोन तारे बघून आई म्हणेल, दोन तर आहेत. साखर जास्त आहे हे तिला कळणारच नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा.

साखर, मीठ, संपृक्त चरबी ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तर पुढच्या बाजूला, हिरव्या किंवा तपकिरी चिन्हाजवळ, स्पष्ट इशारा सक्तीचा करा. मर्यादा तज्ज्ञांनी ठरवाव्यात, ज्यांचा माल आहे त्यांनी नव्हे. आणि अंमलाची तारीख जाहीर करा.

ज्या घटकाचं नाव किंवा चित्र पुढं आहे, त्याचा टक्का त्या नावाला लागूनच, त्याच आकाराच्या अक्षरांत छापायला लावा. ‘नाचणी ८ टक्के’ असं लिहून विकता येत असेल तर खुशाल विकावं.

‘साखर नाही’ हा दावा करणाऱ्या पुड्यावर, त्याच ओळीत, एकूण कर्बोदकं किती ते आलं पाहिजे.

ज्या राज्यात माल विकायचा त्या राज्याच्या भाषेत घटक आणि इशारे सक्तीचे करा.

लहान पुड्यांची सूट लहान मुलांच्या खाऊपुरती तरी काढा. जागा नसेल तर निदान इशाऱ्याचं चिन्ह छापता येईलच.

आदेश मागे घ्यायचा असेल तर कारण त्याच दिवशी लेखी प्रसिद्ध करा. आदेश निघाल्यावर दुकानात अडकलेला माल कंपनीनं परत घेतलाच पाहिजे, हेही त्यातच लिहा. एजन्सीवाले आम्हाला सांगतात, तुमचं तुम्ही बघा. मग छोटा दुकानदार तो माल संपेपर्यंत विकत राहतो. ते बरोबर नाही, पण तो का विकतो हे तुम्हाला माहीत असावं.

तोवर मी माझ्यापुरतं सुरू केलं आहे. काउंटरवर शाळेची जुनी पाटी ठेवली आहे. रोज एका पुड्याची मागची बाजू खडूनं मराठीत लिहिते. पहिले तीन घटक, शंभर ग्रॅममध्ये साखरेचे चमचे, चार-साडेचार ग्रॅमला एक चमचा धरून, आणि मिठाचं प्रमाण. कंपनीचं नाव लिहीत नाही, पुडा शेजारी ठेवते. गिऱ्हाइकांना सांगते, पुढचं चित्र बघू नका, पुडा उलटा करा. यादीत पहिला मैदा, साखर किंवा तेल असेल तर तो त्याच वस्तूचा पुडा समजा, नाव काही असो. साखर एकाच नावानं येत नाही, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप हीही तिचीच भावंडं. ‘वाटा’ बघू नका, शंभर ग्रॅमचा रकाना बघा. दोन पुडे शेजारी धरून तोच रकाना ताडून बघा.

सेल्समननं पाटी पाहून माझ्याकडची एक स्कीम बंद केली. महिन्याला चार-पाचशे रुपये गेले. पण परवा सातवीतली एक मुलगी आली, पाच रुपयांचा पुडा घेतला, उलटा केला, बारीक अक्षरांवर बोट ठेवून वाचायचा प्रयत्न केला आणि मला विचारलं, “काकू, हे मराठीत कुठं लिहिलंय?” मी तिला वाचून दाखवलं. तिनं पुडा परत ठेवला आणि फुटाणे नेले.

माझ्या दुकानाचा पत्ता तुमच्या नोंदणीत आहे. उत्तर तिथे पाठवावं, मराठीत पाठवलंत तर मी ते पाटीशेजारी सगळ्यांना वाचायला लावेन.

कळावे,
आपली,
एक नोंदणीकृत किराणा दुकानदार,
ता. तासगाव, जि. सांगली